पडदा आणि प्रकाश : अमेरिकन घराच्या तळघरातील मोठ्या दूरचित्रवाणी संचाच्या निवडीचा इतिहास

प्रस्तावना

दूरचित्रवाणीच्या इतिहासाचे लेखन प्रामुख्याने कार्यक्रम, प्रक्षेपण-संस्था आणि शासकीय धोरण या तीन अंगांनी झालेले आहे. संच ज्या खोलीत ठेवला जातो त्या खोलीचा विचार त्या मानाने कमी झाला. लिन स्पिगेल यांचा ‘मेक रूम फॉर टीव्ही’ (१९९२) हा ग्रंथ या बाबतीत महत्त्वाचा अपवाद होय. खोलीचा विचार करावयाचा तर तिच्यातील उजेडाचा विचार टाळता येत नाही. कारण पडद्यावरील चित्र प्रकाशाचेच बनलेले असते आणि खोलीतील प्रकाश त्या चित्रावर पडून त्यातील काळोख पुसून टाकतो.

प्रस्तुत निबंधात अमेरिकेतील स्वतंत्र घराच्या तळघरात असलेला करमणुकीचा कक्ष हे उदाहरण घेतले आहे. या कक्षासाठी मोठा संच निवडताना ग्राहक सर्वप्रथम इंच विचारतो आणि विक्रेताही इंचच सांगतो. परंतु इतिहास असे दाखवितो की, मोठ्या पडद्याच्या प्रत्येक तंत्राने खोलीकडून काहीतरी मागितले आणि ती मागणी बहुधा अंधाराची होती. ही मागणी किती मान्य करावयाची, हा तांत्रिक प्रश्न दिसत असला तरी मुळात तो खोली कोणासाठी आहे, असा कौटुंबिक प्रश्न आहे, हे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

तळघराचे स्थित्यंतर

उत्तरेकडील थंड राज्यांत हिवाळ्यात जमीन काही फूट खोलीपर्यंत गोठते. घराचा पाया त्याखाली न्यावा लागत असल्याने खोदकाम अटळ ठरते आणि थोड्या अधिक खर्चात तळघर मिळते. दीर्घकाळ या जागेत कोळशाची भट्टी, कोळशाचे कोठार, धुण्याची जागा आणि हिवाळ्याची साठवण असे. तेलावर आणि वायूवर चालणाऱ्या भट्ट्या आल्यावर कोळशाची जागा रिकामी झाली आणि १९२० व १९३० च्या दशकांत तेथे करमणुकीचे कक्ष दिसू लागले.

अर्थात हे सर्वत्र घडले नाही. १९४७ पासून न्यूयॉर्कजवळ उभारलेल्या लेव्हिटाऊन या प्रसिद्ध वसाहतीतील घरे काँक्रीटच्या थरावर बांधलेली होती. त्यांना तळघरच नव्हते. १९५० च्या तेथील घरांत दूरचित्रवाणी संच जिन्याच्या भिंतीतच बसवून दिलेला असे. म्हणजे तेथे संच बैठकीच्या खोलीचा, उजेडातला रहिवासी होता. याउलट जॉर्ज नेल्सन आणि हेन्री राइट यांनी १९४५ च्या ‘टुमॉरोज हाऊस’ या पुस्तकात पाहुण्यांच्या बैठकीहून निराळ्या, सर्व कुटुंबाच्या वावराच्या खोलीची कल्पना मांडली होती. ज्या घरांना तळघर होते तेथे ही खोली पुष्कळदा खाली गेली आणि मुलांचा गलबला, टेबल-टेनिस व कालांतराने दूरचित्रवाणीही तिच्या मागोमाग खाली उतरली.

तळघर अंधारे होते ते त्याच्या छताजवळील लहान खिडक्यांमुळे. हीच गोष्ट पुढे बदलली. उतारावरील भूखंडावर तळघराची एक बाजू जमिनीच्या पातळीवर येते आणि तेथे काचेचे दार बसविता येते. शिवाय २००० साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या आणि अनेक राज्यांनी स्वीकारलेल्या निवासी बांधकाम संहितेने वावराच्या तळघराला आपत्काळी बाहेर पडता येईल एवढी, सर्वसाधारणपणे ५.७ चौरस फूट मोकळ्या जागेची, खिडकी आवश्यक केली. वावराच्या खोलीत काचेचे क्षेत्र जमिनीच्या क्षेत्राच्या किमान ८ टक्के असावे, हाही तिचा सामान्य नियम आहे. मात्र पुरेसा कृत्रिम प्रकाश असल्यास त्यातून सूट मिळते. ४०० चौरस फुटांच्या कक्षासाठी हा हिशेब ३२ चौरस फूट काचेचा होतो. अशा रीतीने मोठ्या पडद्याचे हक्काचे अंधारे ठिकाणच उजळले.

चित्रनलिकेचा काळ

१९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनाच्या वेळी आर.सी.ए. कंपनीने आणलेल्या एका संचात १२ इंची चित्रनलिका उभी बसविलेली होती. झाकण उघडले की त्यातील आरशात चित्र पाहावे लागे. युद्धानंतर १९४६ मध्ये आलेल्या त्याच कंपनीच्या लोकप्रिय संचाचा पडदा १० इंचांचा होता. त्या काळी चित्र मंद असे, म्हणून दिवे मालवावेत. पण पूर्ण अंधारात डोळ्यांना ताण पडतो, म्हणून एखादा दिवा ठेवावा, अशा परस्परविरोधी अपेक्षा निर्माण झाल्या. संचावर ठेवण्याचे खास शोभेचे दिवे बाजारात आले. सिल्व्हेनिया कंपनीने १९५० च्या दशकात चित्राभोवती मंद उजेडाची चौकट असलेले संच विकले. उजेड आणि चित्र यांचा तंटा घरोघरी पोहोचला होता, याचा हा बोलका पुरावा होय.

या तंट्याचे मूळ फॉस्फरच्या फिकट थरात होते. हा थर बाहेरचा प्रकाश परतवितो, त्यामुळे चित्रातील काळा भाग करडा दिसतो. यावर शोधलेला उपाय साधा परंतु मार्मिक होता : नलिकेची काच किंचित काळपट करणे. चित्राचा प्रकाश त्या काचेतून एकदाच बाहेर येतो. खोलीतील प्रकाशाला मात्र आत जाताना आणि परतताना असे दोनदा तीतून जावे लागते. काच निम्मा प्रकाश अडवीत असेल तर चित्र निम्मे होते, पण परावर्तन एक चतुर्थांशावर येते. म्हणजेच उजळ आणि काळ्या भागांचे गुणोत्तर दुप्पट सुधारते.

रंगीत दूरचित्रवाणीने ही अडचण वाढविली. १९५४ च्या आर.सी.ए.च्या रंगीत संचात इलेक्ट्रॉनांचा बहुतांश प्रवाह छिद्रे असलेल्या पत्र्यावरच अडत असे. १९६८ मध्ये सोनीने पत्र्याऐवजी उभ्या पट्ट्यांची जाळी असलेली ट्रिनिट्रॉन नलिका आणली. १९६९ मध्ये झेनिथने फॉस्फरच्या ठिपक्यांमधील जागा काळी केली. त्यामुळे काचेचा काळपटपणा कमी करता आला आणि चित्र लक्षणीय उजळ झाले. पडदा अधिक उजळ करण्याचा मार्ग त्यावरील काळा रंग वाढविण्यातून गेला, हा या कालखंडाचा धडा आहे.

तथापि नलिकेला आकाराची मर्यादा होती. आतील निर्वातामुळे बाहेरच्या हवेचा दाब काचेला पेलावा लागतो. पडदा वाढला की काच जाड होते. सोनीने १९८९ मध्ये आणलेल्या ४३ इंची संचाचे वजन सुमारे २०० किलो होते. तळघराच्या अरुंद जिन्यावरून असा संच उतरविणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावयास नको.

प्रक्षेपणाचा काळ

नलिकेची मर्यादा ओलांडण्याचा मार्ग चित्रपटगृहाच्या तत्त्वात सापडला. हेन्री क्लॉस यांच्या अॅडव्हेंट कंपनीने १९७२ मध्ये ‘व्हिडिओबीम’ हा संच विक्रीस आणला. तीन लहान नलिकांतील चित्र काही अंतरावरील वक्राकार पडद्यावर टाकले जाई आणि पडद्याचा कर्ण तब्बल ७ फूट असे. मात्र तेवढाच प्रकाश मोठ्या क्षेत्रावर पसरल्याने चित्र मंद होई आणि खोली अंधारी करणे भाग पडे. मोठा पडदा आणि तळघर यांची सोयरीक येथे जुळली. १९८० व १९९० च्या दशकांतील पाठीमागून प्रक्षेपण करणाऱ्या अवजड संचांनी ती पक्की केली. जाहिरातींतून घरगुती चित्रपटगृहाची कल्पना रुजली आणि तिच्याबरोबर अंधार ही उणीव न राहता प्रतिष्ठेची खूण बनली.

सपाट पडदे आणि उजेडाचे गणित

सपाट पडद्यांनी वजनाचा प्रश्न बऱ्याच अंशी सोडविला. प्लाझ्मा पडद्याचा शोध १९६४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात लागला. पण घरोघरी तो १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धानंतरच पोहोचला. अंधारात त्याचे चित्र उत्कृष्ट दिसे. उजेडात त्याची काच आरशासारखी वागे. २०१४ च्या अखेरीस प्रमुख उत्पादकांनी प्लाझ्मा संच बनविणे थांबविले. मागून प्रकाश देणारा एलसीडी पडदा काळा रंग दाखविण्यात दुबळा होता, परंतु उजळ होता. दुकानाच्या झगझगीत उजेडात तोच उठून दिसे. त्याच्या विजयाच्या अनेक कारणांपैकी हे एक मानावे लागेल.

आजच्या निवडीत दोन पर्याय प्रमुख आहेत : प्रत्येक बिंदू स्वतः प्रकाशणारा ओएलईडी आणि शेकडो-हजारो सूक्ष्म दिव्यांचा पाठप्रकाश विभागशः मंद करणारा मिनी-एलईडी. पहिल्याचा काळा रंग जवळजवळ परिपूर्ण, तर दुसऱ्याचा उजळपणा अधिक. यांत निवड कशी करावी, हे एका लहानशा गणितावरून कळते.

समजा, पडद्यावर ३०० लक्स उजेड पडतो आणि पडदा त्यातील २ टक्के विखरून परत पाठवितो. ३०० चे २ टक्के म्हणजे ६, त्यास ३.१४ ने भागले असता पडद्यावर सुमारे १.९ निट इतका करडेपणा चढतो. चित्राचा उजळ भाग ४०० निट आणि अंधारातील काळा भाग ०.०५ निट असेल, तर अंधारात त्यांचे गुणोत्तर ८००० भरते. या उजेडात ते २०० च्या आसपास येते. ओएलईडीचा काळा भाग शून्य धरला तरी गुणोत्तर सुमारे २१० च राहते. अंधारात ज्याला अनंत म्हणतात ते वैशिष्ट्य खिडकीसमोर अगदी किरकोळ फरकावर येऊन ठेपते. एलसीडीचा उजळपणा ८०० निट केल्यास गुणोत्तर सुमारे ४०० होते. परंतु ८०० निटचा संच न घेता, पडदा ओढून उजेड ६० लक्सवर आणला, तर पहिल्याच ४०० निटच्या संचाचे गुणोत्तर ९०० च्या वर जाते. खिडकीचा पडदा टीव्हीच्या पडद्यापेक्षा अधिक काम करतो, ते असे.

यावरून काही व्यावहारिक गोष्टी निघतात. जाहिरातीतील हजारांहून अधिक निटचा आकडा बहुधा चित्रातील लहान उजळ भागापुरता असतो. संपूर्ण पडदा उजळ असताना तो पुष्कळ खाली येतो. काचेच्या दारासमोर संच ठेवल्यास दाराचे प्रतिबिंब दिसते. दाराच्याच भिंतीवर ठेवल्यास पाहणाऱ्याचे डोळे दिपतात. म्हणून खिडकीशी काटकोनातील भिंत उत्तम. खरखरीत पृष्ठभागाचा पडदा प्रतिबिंब मोडतो, पण तोच प्रकाश सर्वत्र पसरवून काळा रंग फिका करतो. बाजूला बसणारे अनेक असतील तर काही एलसीडी पडद्यांवर रंग उतरतात, हेही पाहावे. आकाराविषयी बोलावयाचे तर पडद्याने दृष्टीचा सुमारे ३० अंशांचा कोन व्यापावा, या प्रचलित संकेतानुसार ३ मीटर अंतराला सुमारे ७३ इंच पुरतात. ८५ इंची पडदा जवळपास १८८ सेंटीमीटर रुंद असतो. त्याचे खोके जिन्याच्या वळणावर फिरेल काय, हे खरेदीपूर्वीच मोजावे.

खोली कोणाची?

येथवर प्रश्न प्रकाशाचा होता; यापुढे तो माणसांचा होतो. अॅडव्हेंटचा संच आला त्याच वर्षी, २ ऑक्टोबर १९७२ रोजी, मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. चाळीतल्या एका संचासमोर, उघड्या दारात शेजारपाजारच्यांनी दाटीवाटीने बसून चित्रपट पाहण्याची आठवण असलेली पिढी पुढे अमेरिकेत जाऊन तळघर असलेल्या घरांत राहू लागली. त्यांच्या तळघरात गणपती बसतो, मंडळाच्या नाटकाची तालीम होते, मुले क्रिकेटचा सामना पाहतात. भारतातून काही महिन्यांसाठी आलेले आईवडील दुपारी काचेच्या दाराजवळ बसून भाजी निवडतात, वर्तमानपत्र वाचतात. दिवसा घरातील कर्ती माणसे बाहेर असताना खोलीचे खरे रहिवासी तेच असतात.

उत्तम चित्रासाठी ही खोली कायमची काळी केली तर चित्र सुधारते, पण दाराजवळ बसणारी माणसे उठून जातात. दुकानात संचांची तुलना होते तेव्हा या माणसांचा उल्लेख कोणी करीत नाही. म्हणून दिवसा वावर असलेल्या कक्षात उजळ एलसीडी संच आणि हवा तेव्हाच ओढता येईल असा जाड पडदा हा मार्ग श्रेयस्कर ठरतो. केवळ रात्री चित्रपट पाहणाऱ्यांसाठी ओएलईडी निःसंशय योग्य आहे.

निष्कर्ष

१. मोठ्या पडद्याचा इतिहास हा आकाराइतकाच खोलीतील प्रकाशाशी केलेल्या तडजोडींचा इतिहास आहे.

२. चित्रनलिकेने उजेडाशी जुळवून घेतले, प्रक्षेपणाने अंधार मागितला आणि सपाट पडद्यांनी दोन्ही पर्याय खुले ठेवले.

३. तळघर अंधारे असल्याने मोठ्या पडद्याला सोयीचे ठरले. तेच उजळल्यावर जुना प्रश्न नव्याने उभा राहिला.

४. उजळ कक्षात संचाचा उजळपणा वाढविण्यापेक्षा त्यावर पडणारा प्रकाश आवरणे अधिक परिणामकारक व कमी खर्चाचे असते.

संच निवडणाऱ्याने म्हणून दुकानात जाण्यापूर्वी एक दिवस खाली उतरावे आणि सकाळ, दुपार, संध्याकाळ तेथे उजेड कोठून येतो व त्या उजेडात कोण बसते, हे पाहावे. इंचांचा निर्णय त्यानंतर घ्यावा.