स्विचच्या पोर्टपलीकडे कोण? जागेवर न जाता शेजारी उपकरण ओळखताना

बेळगावच्या मुख्य कार्यालयात बसून खानापूरच्या शाखेतला स्विच सांभाळायचा, तर एक प्रश्न हमखास येतो : सातव्या पोर्टला नेमकं काय जोडलंय? रॅकवरची चिठ्ठी कधीच गळून पडलेली, केबल सगळ्या निळ्या, आणि चुकीचं पोर्ट बंद केलं तर काउंटरच थांबणार. अशा वेळी माणूस पाठवण्याआधी स्विचलाच विचारता येतं.

मॅनेज्ड स्विच, राउटर, आयपी फोन, वाय-फायचे अ‍ॅक्सेस पॉइंट यांपैकी बरीच उपकरणं ठरावीक वेळाने आपलं नाव, पोर्ट आणि मॉडेलची माहिती शेजाऱ्याला सांगत असतात. त्याची सर्वांसाठी खुली पद्धत म्हणजे एलएलडीपी, आयईईईच्या ८०२.१एबी मानकातून ती २००५ साली आली. सिस्कोची स्वतःची सीडीपी त्याहून जुनी. मूळ सेटिंगमध्ये एलएलडीपीचा निरोप दर ३० सेकंदांनी जातो आणि १२० सेकंद ग्राह्य असतो. सीडीपीत हेच आकडे ६० आणि १८०. म्हणजे केबल काढल्यावर जुना शेजारी काही वेळ यादीत दिसू शकतो.

स्विच ऐकलेलं सगळं एका तक्त्यात ठेवतो. मॉनिटरिंग सॉफ्टवेअर तो एसएनएमपीने वाचतं. एलएलडीपीचा तक्ता १.०.८८०२.१.१.२.१.४.१ खाली मिळतो, सीडीपीचा १.३.६.१.४.१.९.९.२३.१.२.१ खाली.

खरी गोची पुढे आहे. एलएलडीपीच्या उत्तरात शेवटी ०.७.१ असे आकडे आले, तर मधला ७ हा पोर्टचा क्रमांक. पण हा एलएलडीपीचा स्वतःचा क्रमांक. ट्रॅफिकचा आलेख ज्या इंटरफेस क्रमांकावर काढला जातो तो नव्हे. काही स्विचवर दोन्ही जुळतात, काहींवर मुळीच नाही. जुळतात असं गृहीत धरलं की शेजाऱ्याचं नाव भलत्याच पोर्टवर चिकटतं, आणि पोर्ट बंद करणारा फसतो. म्हणून १.०.८८०२.१.१.२.१.३.७ हा स्विचच्या स्वतःच्या पोर्टांचा तक्ताही वाचावा आणि नावावरून मेळ घालावा. सीडीपीत ही कटकट नाही, तिथे थेट इंटरफेस क्रमांकच येतो.

शेजारी दिसला नाही म्हणजे पोर्ट रिकामं, असंही नाही. प्रिंटर, कॅमेरे, साधे संगणक अनेकदा गप्पच असतात. मग स्विचचा मॅक पत्त्यांचा तक्ता बघायचा आणि राउटरच्या एआरपी तक्त्यावरून आयपी शोधायचा. मॅकचे पहिले सहा अंक बहुधा उत्पादक सांगतात. एका पोर्टवर वीस-पंचवीस मॅक दिसले, तर पलीकडे दुसरा स्विच आहे असं समजावं; कुणीतरी टेबलाखाली टाकलेला आठ पोर्टांचा स्वस्त स्विचसुद्धा असाच सापडतो. असे काही स्वस्त स्विच एलएलडीपीचे निरोप पुढे ढकलतात, त्यामुळे एकाच पोर्टवर दोन-तीन शेजारी दिसू शकतात.

ही माहिती बाहेरच्यालाही तेवढीच उपयोगी. इंटरनेट पुरवठादाराकडे जाणाऱ्या पोर्टवर एलएलडीपी आणि सीडीपी बंद ठेवावं. एसएनएमपीच्या दुसऱ्या आवृत्तीत कम्युनिटीचा शब्द उघडाच प्रवास करतो. शाखांमधून वाचायचं असेल तर तिसरी आवृत्ती, तीही एन्क्रिप्शनसकट, वापरलेली बरी.