माळव्याच्या मातीतली ओल

मल्हारराव, अहिल्यादेवी, राजवाडा, छत्र्या यांच्याविषयी आम्ही इंदूरकर मराठी मंडळी भरभरून बोलतो. पण याच शहराचे नाव 'इंदूर पद्धत' म्हणून जगभरच्या शेतकी ग्रंथांत गेले, ते मातीवरच्या एका कामामुळे. त्या कामात सर अल्बर्ट हॉवर्ड यांच्याबरोबर यशवंत वाड होते. नावावरून तरी ते आपलेच वाटतात. आपल्या घरांतून मात्र त्यांची आठवण निघत नाही.

त्या कामाचे मोल कळायला माळव्याचा जुना गहू समजून घ्यावा लागतो. चौमासाभर काळे शेत पड ठेवायचे, उघडीप मिळाली की बखर फिरवायचा, पाऊस मातीत मुरू द्यायचा. दसरा-दिवाळीच्या सुमारास त्या ओलीवर कठिया गहू पेरायचा. बहुतेक शेतांत त्याला वेगळे पाणी नसेच. पीक बेताचे, पण बाटीला आणि दलियाला नामी. मारवाडात दुष्काळ पडला की लोक गुरे हाकत माळव्यात येत, ते या भरवशावर. हा भरवसाही अभंग नव्हता. संवत १९५६ च्या, म्हणजे १८९९-१९०० च्या 'छप्पनिया' दुष्काळाने माळव्यालाही सोडले नाही. तेव्हा जुने ते सगळे सोने, असे आम्ही म्हणणार नाही.

१९२४ मध्ये हॉवर्ड पुसाहून इंदूरला आले. होळकर दरबारने दिलेल्या सुमारे ३०० एकर जमिनीवर संशोधन संस्था उभी राहिली. पुढे तिथेच कृषी महाविद्यालय झाले. हॉवर्ड आणि वाड यांनी पऱ्हाट्या, पालापाचोळा, तण, शेण, गोठ्यातली मूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर उथळ खड्ड्यांत रचले. तीन वेळा उलथापालथ केली की तीन महिन्यांत काळेभोर खत तयार होई. दोघांचे पुस्तक १९३१ मध्ये निघाले. ही विद्या आपण शेतकऱ्यांकडून आणि चीनच्या जुन्या शेतीकडून घेतली, हे हॉवर्ड मोकळेपणाने सांगत. १९३५ च्या एप्रिलमध्ये गांधीजी इंदूरला आले, तेव्हा त्यांनीही हे काम पाहिले. या खताचा गुण केवळ पिकाला पोसण्यात नव्हता; अशी सेंद्रिय माती पाणी धरून ठेवते आणि ओल उशिरापर्यंत टिकते.

पुढे सोयाबीन आले. १९८७ मध्ये त्याचे राष्ट्रीय संशोधन केंद्रही इंदुरातच निघाले. चौमासातली पड जमीन पिकाखाली आली आणि दोन-चार बिघेवाल्याच्या हाती रोख पैसा खेळू लागला. त्याला नावे ठेवण्याचा अधिकार आम्हाला नाही. १९७८ पासून आम्ही स्वतः घाट चढवून आणलेले नर्मदेचे पाणी पितो. पण शेतात मुरलेल्या ओलीला आता दोन पिके वाटेकरी झाली आणि गहू नलकूपांवर गेला.

अशा शेतीवर आता हवामान उलटले आहे. २०२२ चा मार्च देशात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला. दाणा भरण्याच्या दिवसांतच ऊन तापले, की गहू लवकर पिकतो आणि दाणा बारीक राहतो. त्या वर्षी १३ मे रोजी केंद्राने गव्हाची निर्यात थांबवली. २०२३ चा ऑगस्टही १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा. माळव्यात सोयाबीन फुला-शेंगांवर असते ते याच महिन्यात. आमच्यासाठी ही छावणी मंडीतल्या भावाची गोष्ट; वर्षाचे गहू चार पैसे महाग भरले, इतकेच. लहान शेतकऱ्याचे दुखणे निराळे आहे. सोयाबीन बुडाले की गव्हाच्या बियाण्याला आणि डिझेलला पैसा नसतो. गहूही हलका उतरला, तर घरची कोठी भरण्याआधी कर्जापोटी धान्य विकावे लागते, आणि आषाढ-श्रावणात तेच घर दुकानातून पीठ आणते.

इंदूरच्या गहू संशोधन केंद्राने कमी पाण्यावर येणारी कठियाची नवी वाणे काढली आहेत आणि ती पेरलीही जातात. खताच्या खड्ड्याचे मात्र अवघड झाले आहे. एप्रिलमध्ये महूच्या किंवा उज्जैनच्या वाटेने जाताना संध्याकाळी धुराचे पट्टे दिसतात. हार्वेस्टरने मागे ठेवलेली गव्हाची नरवाई जळत असते. दंडाची तरतूद आहे, तरी पेटवली जाते, कारण ती गोळा करायला मजूर परवडत नाही. हॉवर्ड-वाडांच्या खड्ड्याला शेण आणि गोठ्यातली माती लागे. ट्रॅक्टर आल्यापासून कित्येक घरांत बैलच उरलेले नाहीत.