मेंढीचा चारा आणि कोकराचें दूध

मेंढी व्याली कीं तिला भरपूर चारा घालावा, म्हणजे दूध वाढेल, असा समज सर्वत्र आढळतो. इंग्लंडांतील नॉर्फोक परगण्यांत १८ व्या शतकांत सलगम शेतोशेतीं पिकूं लागला व मेंढ्यांची हिवाळ्यांतील उपासमार पुष्कळशी टळली. (याचें सारें श्रेय टाउनशेंडला देतात, तें आम्हांस अतिशयोक्तीचें वाटतें, सलगम तेथें त्याच्या आधींपासून होता.) परंतु चाऱ्याची खरी वेळ कोणती, हें केंब्रिज येथें वॅलेसनें प्रयोग करून १९४८ सालीं दाखविलें. गर्भाचें बहुतेक वजन शेवटल्या सहा आठवड्यांत भरतें. त्या काळांत अर्धपोटीं राहिलेल्या मेंढीची कास भरत नाहीं, कोकरूं लहान उपजतें, आणि पहिला महिना ज्या दुधावर काढावयाचा तेंच अपुरें पडतें. इंग्लंडांत हे सहा आठवडे बहुधा हिवाळ्याच्या अखेरीस येतात; नवें गवत उगवतें तें मेंढी व्याल्यावर.