एका डावाचे दोन शेवट : लंडन येथील १८५१ च्या बुद्धिबळ-नोंदीचा पाठविचार

पोथीचें शेवटचें पान सर्वांत आधीं गळतें, आणि तेंच बहुधा दुसऱ्या हातानें पुरें केलेलें असतें. म्हणून समाप्तीचीं वाक्यें वाचतांना आपण अक्षराचें वळण, शाई आणि कागद हीं तपासून पाहतों. बुद्धिबळाच्या डावाची लेखी नोंद हीही एक पोथीच होय. तिलाही पाठभेद असतात, प्रक्षेप असतात, आणि शेवट पुरा करण्याचा मोह पडलेले लेखक असतात. याचें ठळक उदाहरण म्हणून एका जगप्रसिद्ध डावाचा विचार येथें करीत आहों.

विषय आपल्या कक्षेबाहेरचा आहे असें कोणीं समजूं नये. पैठणहून काशीस गेलेल्या भट्ट घराण्यांतील नीलकंठ भट्ट यांनीं सतराव्या शतकांत आपल्या नीतिमयूखांत या खेळाला स्थान दिलें. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत ग्रंथाचें इंग्रजी रूपांतर १८१४ सालीं मुंबईस छापलें गेलें, आणि तो युरोपीय रीतीच्या खेळास जुळविलेला आहे हें त्याच्या मथळ्यांतच सांगितलें आहे. तेव्हां नोंदीचा अर्थ लावण्याचा प्रश्न आपल्याही दारीं आहेच.

(१) डावाची हकीकत

१८५१ सालीं लंडनास मोठें औद्योगिक प्रदर्शन भरलें, आणि त्याच सुमारास बुद्धिबळाचे सामनेही झाले. त्या सामन्यांबाहेर, २१ जून रोजीं, आडोल्फ आंडर्सेन व लिओनेल किझेरित्स्की यांनीं एक खाजगी डाव मांडला. आंडर्सेन हा ब्रेस्लाउ येथील गणिताचा शिक्षक. किझेरित्स्की मूळचा दोर्पातचा, पण पॅरिस येथें राहून हा खेळ शिकविणारा. पांढरीं मोहरीं आंडर्सेनकडे होतीं. १८५५ सालीं फाल्कबेअर यानें या डावास ‘अमर’ हें विशेषण दिलें, तें आजतागायत चालू आहे.

प्रचलित पाठ असा : पांढऱ्यानें एक उंट, दोन्ही हत्ती व शेवटीं वजीरही देऊन तेविसाव्या खेळीस उंटानें मात केली. मोबदल्यांत त्याला मिळालीं तीं फक्त तीन प्यादीं.

(२) दुसरा पाठ

परंतु हरलेल्या किझेरित्स्कीनें स्वतःच हा डाव आपल्या ‘ला रेजांस’ या पत्राच्या जुलै १८५१ च्या अंकांत छापला आहे, आणि तेथें विसाव्या खेळीवर काळ्यानें डाव सोडला असें आहे. खेळ्या टिपण्याची त्याची रीत स्वतःची व दुर्बोध होती. तथापि डाव कोठें थांबला याविषयीं तीमुळें संदिग्धता उरत नाहीं. हा पाठ लघु, तर प्रचलित पाठ बृहत् म्हणतां येईल.

विसाव्या खेळीनंतर पांढऱ्यापाशीं राजा, वजीर, एक उंट, दोन घोडे व सहा प्यादीं आहेत. काळ्याचा वजीर, दोन्ही हत्ती, उंट व घोडे शाबूत असून प्यादीं सहा आहेत. पांढऱ्याचा धाक असा : घोड्यानें काळ्या राजाच्या बाजूचें घोड्यापुढील प्यादें मारून शह द्यावा, राजा वजिराच्या मूळ घरीं सरकला कीं उंटानें मात करावी. बृहत् पाठांत काळा आपला वजिराकडील घोडा पटाच्या कडेला आणून तें मातीचें घर राखतो. मग शह होतो, राजा सरकतो, पांढरा वजीर पुढें पडतो, काळ्याचा दुसरा घोडा त्याला मारतो, आणि त्या घोड्यानें राखलेलें घर मोकळें झाल्यामुळें उंट तेथून मात करतो.

ही मात निर्दोष आहे. परंतु काळ्यानें घोड्याचीच ती खेळी केली तरच ती होते. घोड्याऐवजीं उंट कडेला आणण्याचा बचाव चिगोरिनानें पुढें दाखविला. तोही अखेर टिकत नाहीं, पण मात इतक्या सुबकपणें होत नाहीं.

(३) क्रमभेद

अठराव्या खेळीपासून पुस्तकांत आणखी एक भेद आढळतो. एका क्रमांत काळा आधीं उंटानें एक हत्ती मारतो व नंतर वजिरानें दुसरा. दुसऱ्यांत हें उलट आहे. दोहोंत विसाव्या खेळीअखेर पट एकच होतो, म्हणून पुष्कळांनीं याकडे दुर्लक्ष केलें. तरी भेद क्षुल्लक नव्हे. स्टाइनिट्झ यानें १८७९ सालीं दाखविलें कीं, काळ्यानें आधीं वजिरानें हत्ती मारून शह द्यावा आणि पांढरा राजा हलतांच वजीर पूर्वीच्या घरीं परत आणावा, म्हणजे बचाव आहे. पहिल्या क्रमांत काळ्याची चूक अठराव्या खेळीस झाली; मग पांढऱ्याचें राजापुढील प्यादें पुढें सरून वजिराची तिरपी वाट बंद झाली. दुसऱ्या क्रमांत त्यानें अठरावी खेळी बरोबर केली व एकोणिसावी चुकविली. म्हणजे कोणता क्रम मूळचा हें ठरल्यावांचून काळ्याच्या माथीं कोणता दोष मारावयाचा हेंही ठरत नाहीं.

(४) निर्णय

लघु पाठ डावानंतर काहीं आठवड्यांच्या आंतला असून खुद्द खेळणाऱ्याचा आहे. हरलेल्यानें आपली मात झांकली असेल अशी शंका निघेल. परंतु ज्यानें आपला पराभव आपल्याच पत्रांत आपण होऊन छापला, त्याला तीन खेळ्या लपवून काय साधावयाचें होतें? म्हणून आमच्या मतें लघु पाठ हा इतिहास आणि बृहत् पाठाचा शेवट ही टीका होय. टीका उत्तम आहे; पण ती मूळांत मिसळली गेली. याचा परिणाम लहान नाहीं. ज्या वजीरदानावर या डावाची कीर्ति उभी आहे, तें लघु पाठाप्रमाणें पटावर घडलेंच नाहीं.

आतां आपल्याकडे. नंदुरबार, शहादे, तळोदे, प्रकाशे या तापीखोऱ्याच्या टापूंत किंवा अन्यत्र कोणाच्या बाडांत डावाची टिपणें निघालीं, तर प्रथम रीत ओळखावी. देशी रीतींत प्यादें आरंभीं एकच घर चालतें, राजास शह लागण्यापूर्वीं एकदां घोड्याची उडी असते, आणि राजा एकटा उरला कीं ‘बुर्ज’ मानून डाव बरोबरीचा धरण्याची चाल कित्येक ठिकाणीं होती. ही रीत न जाणतां शेवट वाचणारा बरोबरीस विजय म्हणेल. दुसरें, शेवटच्या खेळ्या त्याच हातच्या आहेत कीं नाहींत हें पाहावें. तिसरें, नोंद अपुरी असेल तर ती अपुरीच छापावी. सुचलेला शेवट खालीं, निराळ्या टाइपांत, संपादकाच्या नांवानें द्यावा. आंडर्सेनच्या डावास एवढी एक ओळ वेळींच मिळाली असती, तर आज हा लेख लिहिण्याचें कारण पडलें नसतें.