हजेरीपटाबाहेरच्या बाया

भिवंडीवर लिहिणारे मागांची संख्या मोजतात, दंगलींची साले सांगतात. मागाच्या धोट्यात घालायची कांडी कोण भरत होते, हे कुणी विचारत नाही. माझी आजी भरत होती. १९७२ च्या दुष्काळात बीडकडचा महारवाडा सोडून ती इथे आली. भरलेल्या कांड्या मोजून पैसे मिळत. हजेरीपटावर तिचे नाव कधीच चढले नाही.

या कांडीला जुना इतिहास आहे. मुंबईच्या गिरण्यांत नव्या कांडीच्या सुताचे टोक धोट्यातून तोंडाने ओढावे लागे. तेवढ्यावरून अस्पृश्यांना जास्त मजुरीचे विणकाम खाते बंद होते. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक ठेवला. त्याच वर्षी प्रसूती-भत्त्याच्या विधेयकाची बाजू त्यांनी मुंबई कौन्सिलात मांडली. १९२९ साली कायदा झाला. पण दुसऱ्या महायुद्धानंतर गिरण्यांतल्या बायांचे प्रमाण घटतच गेले. दलित बाईच्या वाट्याला आले ते जिथे कायदा पोचत नाही असे काम. आजीचे काम त्यातलेच.

त्याच काळात ब्रिटनला मनुष्यबळ हवे होते. १९४८ नंतर जमैका, बार्बाडोसहून आलेल्या काळ्या बायांनी तिथली सरकारी रुग्णालये उभी ठेवली. त्यांतल्या पुष्कळ जणींना तीन वर्षांच्या पूर्ण परिचारिका-शिक्षणाऐवजी दोन वर्षांच्या कनिष्ठ अभ्यासक्रमात ढकलले गेले. त्यांचे नाव हजेरीपटावर होते, पण वरची पायरी बंद होती. आजीला हजेरीपटच नव्हता. वर्ण आणि जात एकच नव्हेत. मात्र हात हवेत, माणूस नको, हा मालकांचा हिशेब दोन्हीकडे सारखाच.

ब्रिटनमध्ये १९८५ साली ब्रायन, डॅड्झी व स्केफ या तिघींनी काळ्या बायांचे अनुभव ऐकून ‘द हार्ट ऑफ द रेस’ लिहिले. आपल्याकडे १९८९ साली उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायांना भेटून ‘आम्हीही इतिहास घडवला’ सिद्ध केले. पण कांडी भरणारीचा इतिहास अजून लिहायचाच आहे.

माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलामुलींच्या आया आज भिवंडीच्या गोदामांत ठेकेदाराच्या हाताखाली राबतात. मी त्यांना सांगतो, आधी घरी जाऊन आईला विचारा : पहिला पगार किती, कुणी दिला, सही कुठे केली? आजीला हे विचारायचे माझ्याकडून राहून गेले. तुमच्याकडून राहू देऊ नका.