पुरस्कार इमारतीला मिळतो, म्हणजे नेमका कोणाला?

लोअर परळच्या गिरण्यांवर संशोधन करायचंय आणि मी सांगतोय, आधी भायखळ्याच्या राणीच्या बागेत जा. कारण आहे.

तिथलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये लोकांसाठी खुलं झालं, तेव्हा त्याचं नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम होतं. पुढे इमारतीची दुरवस्था झाली. २००३ मध्ये महापालिका, इंटॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांच्यात करार झाला. संवर्धन वास्तुविशारद विकास दिलावरी. २००५ मध्ये या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा संवर्धन पुरस्कार मिळाला, तोही 'अवॉर्ड ऑफ एक्सलन्स'. संग्रहालय मात्र पुन्हा उघडलं २००८ मध्ये. म्हणजे पुरस्काराचं साल आणि काम संपल्याचं साल एकच, असं गृहीत धरून कालपट मांडू नका. ही चूक फार होते.

आता मुख्य मुद्दा. वर आलेली नावं पुन्हा वाचा: मालक, पैसे देणारा, देखरेख करणारा, वास्तुविशारद. ओतीव लोखंडाचे खांब घासणारे, छताची नक्षी पुन्हा रंगवणारे, सोन्याचा मुलामा चढवणारे हात कोणाचे? पुरस्काराच्या बातमीवरून ते कळत नाही. मुंबईत हे नवं नाही. शहर बांधायला तेलंगणातून आलेल्या कामाठ्यांचं नाव कामाठीपुऱ्याला मिळालं, पण त्यांनी उभारलेल्या इमारती आपण इंग्रज वास्तुविशारदांच्या नावाने ओळखतो.

दुसरी गोष्ट, पुरस्कारासाठी कुणीतरी अर्ज करावा लागतो. त्यामुळे पुरस्कारांची यादी म्हणजे चांगल्या कामांची यादी नव्हे. ज्यांच्याकडे नकाशे, आधीचे-नंतरचे फोटो आणि ते नीट मांडणारी माणसं होती, त्यांची ती यादी.

आणि जे पाडलं, ते तर त्या यादीत येणारच नाही. १९९१ च्या नियमाप्रमाणे विकायला काढलेल्या गिरणीच्या जमिनीचे ढोबळ तीन वाटे व्हायचे: मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती ठेवली, इमारतींखालची जमीन त्यातून वगळली. भायखळ्याच्या इमारतीला पुरस्कार मिळाला त्याच २००५ मध्ये उच्च न्यायालयाने गिरणगावाच्या बाजूने निकाल दिला, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती कायम ठेवली. फिनिक्सची चिमणी आज मॉलच्या आवारात उभी आहे, पण तिच्याभोवतीची गिरणी कुठेय?

म्हणून मानचिन्हाच्या फोटोवर थांबू नका. निविदा, मोजमाप पुस्तिका, कंत्राटदाराचं अंतिम बिल आणि मिळालाच तर हजेरीपट, हे कागद शोधा. लोअर परळसाठी महापालिकेच्या इमारत प्रस्ताव विभागातल्या मंजूर नकाशांपासून सुरुवात करा. माहितीच्या अधिकारात अर्ज करताना 'सर्व कागदपत्रे' असं मोघम लिहू नका. गिरणीचं नाव, सी. एस. नंबर आणि साल टाका.