नाकाची परीक्षा आणि रूट बिअर

माझा विषय सांगितला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: वास येतो की नाही हे डॉक्टर तपासतात तरी कसं? कान-डोळ्यांचं ठीक आहे, पण नाकाचं काय?

1984 साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात रिचर्ड डोटी आणि सहकाऱ्यांनी त्यावर उपाय काढला. चार छोट्या पुस्तिका, एकूण 40 वास. कागदावरचा पट्टा पेन्सिलीने खरवडायचा, हुंगायचं आणि चार पर्यायांतला एक निवडायचा. निवडायचाच, सोडून देता येत नाही. म्हणजे ज्याला काहीच वास येत नाही तोही अंदाजपंचे दहाच्या आसपास गुण मिळवतो. कुणाला पाचच मिळाले तर शंका येते, की हा गडी मुद्दाम चुकतोय. मला हा हिशोब फार आवडतो.

पण यादीत रूट बिअर आहे, डिल पिकल आहे, जिंजरब्रेड आहे, विंटरग्रीन आहे. विंटरग्रीन म्हणजे आपलं गंधपुरा. अमेरिकन माणसाला त्यात गोळ्या-चॉकलेटं आठवतात, मला मात्र आजीच्या गुडघ्यांचं मलम. नाक दोघांचंही शाबूत आहे! आणि हा नुसता गमतीचा मामला नाही. पार्किन्सनमध्ये हात थरथरायच्या कित्येक वर्षं आधी वास कमी होऊ शकतो, त्यामुळे कमी गुण मिळाले की डॉक्टरांचं लक्ष तिकडे जातं. रूट बिअर न ओळखल्यामुळे कुणाला असली धास्ती लागावी?

डोटींच्या गटाने 1996 मध्ये काटछाट केली: जगभर चालतील असे 12 वास, केळं, कांदा, साबण, धूर वगैरे. जपानी संशोधकांनी दुसरी वाट धरली. त्याची पार्श्वभूमी 1998 च्या एका अभ्यासात दिसते. साहो आयाबे-कानामुरा आणि सहकाऱ्यांनी 40 जपानी आणि 44 जर्मन बायकांना तेच 18 वास दिले. काही जपानी, काही युरोपी, काही दोन्हीकडचे. आवडनिवड वेगळी निघाली, हे अपेक्षितच होतं. पण वास किती *तीव्र* वाटतो यातही फरक पडला. म्हणजे ओळखीचा प्रश्न फक्त नावापुरता नव्हता.

2006 मध्ये साचिको साइतो यांच्या गटाने (आयाबे-कानामुरा त्यातही होत्या) जपानी चाचणी प्रसिद्ध केली. लिपस्टिकसारख्या कांड्या कागदावर घासून हुंगायच्या. वास 12: मिकान संत्रं, हिनोकीचं लाकूड, परतलेली लसूण, आटवलेलं गोड दूध, घामट मोजे, घरातला गॅस, शिवाय सुलेखनाची काळी शाई, जी इंग्रजी निबंधात ‘इंडिया इंक’ होऊन बसते. चार पर्यायांना आणखी दोन जोडले: ‘वास येतोय पण ओळखता येत नाही’ आणि ‘वासच येत नाही’. माझ्या मते खरी सुधारणा हीच. रुग्णाला खोटं बोलायला लावलं जात नाही. अर्थात मग अंदाजाचा तो सुंदर हिशोब गेला, आणि जपानी गुणांची अमेरिकन गुणांशी थेट तुलनाही करता येईना. निरोगी माणसं गोळा करून ‘सामान्य’ म्हणजे किती, हे नव्याने ठरवावं लागलं.

त्या 12 मध्ये एक वास आहे ‘करी’. जपानमध्ये तो चालतो, कारण तिथे घरोघरी तयार मसाल्याच्या वड्यांची करी होते आणि तिचा वास साधारण एकच. आपल्याकडे ती कांडी कुणाच्या नाकाखाली धरली तर उत्तराआधी उलटा प्रश्न येईल: कसली?